सात खिळे

माझ्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीच्या वर,
सात खिळे आहेत.
एकेका खिळ्यावर एकेक घर लटकतं.
धुरींचं, मुणगेकरांचं, टेंबुलकरांचं, मास्तरांचं,
दोन सावंतांची, एकमेकांशी न बोलणारी,
म्हणून मध्ये एक खिळा मोकळा सोडला होता,
त्यावर मग परुळेकरांचं आलं.

किल्ली फक्त ठेवायला दिली होती.
"ऱ्हवांदे गो तुझ्याकडे."
मग जरा तुळशीला पाणी घाल.
मग मीटरवाला येईल, जरा थांब.
मग जरा नारळ पाडून घे, मोजून ठेव,
आणि फोनवर: गेल्या खेपेला दोन जास्त होते ना गो?

सात 'जरा' म्हणजे
एक अख्खा दिवस, वर एक गुडघा.

चतुर्थीआधी आठ दिवस
सात घरांची कोळिष्टकं केसांत घेऊन मी फिरायचे,
आणि माझं मखर व्हायचं
रात्री दोनला, झोपेत, एका हातानं.
"कुंदा आसा म्हणान बरा."
हे वाक्य मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?
पदराला बांधून झोपायचे मी ते.

माझे बाबा खारबांधावर उघाडी सांभाळायचे.
ओहोटीला फळी उघडते,
शेतातलं पाणी खाडीत जातं.
भरतीला खाडीच तिला ढकलून बंद करते.
खाडीशी भांडण नाही.
कोलंबी तिचीच, चिंबोऱ्या तिच्याच,
फक्त भातात यायचं नाही.
एका अवसेला फळीत ओंडका अडकला.
सकाळी वाफे चमकत होते,
इतके सुंदर, की आम्ही पोरं टाळ्या पिटत धावलो.
बाबा बांधावर खाली बसले.
तीन वर्षं तिथे काही उगवलं नाही.

यंदा आषाढात धुरींच्या सुनेचा फोन.
"काकी, पाच जण येतोय, घर जरा..."
तोंड 'हो'साठी आधीच उघडलेलं.
मी कारण शोधू लागले. गुडघा?
गुडघ्याला गेल्या वर्षी मलम आलं होतं,
कुरियरनं. कारण दिलं की लोक
त्यावर औषध पाठवतात.
म्हणून कारण दिलंच नाही.
"माका जमाचा नाय."

पलीकडे एवढं शांत
की त्यांचा पंखा ऐकू आला मला, मुलुंडचा.
ती शांतता मी भरली नाही.
सगळ्यात अवघड तेच होतं.
"बरं नाहीये का तुम्हाला?"
"बरी आसंय."

धाकट्या सावंतांनी किल्ली परत मागवली
एस.टी.च्या कंडक्टरकडून, निरोपाशिवाय.
धुरकट भिंतीवर किल्लीचा पांढरा आकार उरला.
त्या रात्री मी रडले, थोडं.
दुसऱ्या दिवशी पुसून पाहिला, गेला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला
मखर पुरं झालं, दोन्ही हातांनी.
समोर धुरींची सून, डोक्याला फडकं,
उलटा झाडू धरून आढ्याशी झटापट करत होती.
मी पायरीवर बसून बघत होते.
उठावंसं वाटत होतं. पाय तर निघालेच होते.
त्यांना तिथेच, चिऱ्यावर,
दाबून धरलं.

मग पोरीच्या हाती चहा पाठवला,
आलं घालून, पाच कप.