साबणाची रेघ

बुखारेस्टमध्ये दुपारी साडेबाराला
गाड्या एकमेकींवर ओरडत असतात.
मी लिफ्ट दुरुस्त करतो
दहा मजल्यांच्या त्या राखाडी ओळीत,
जिच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून,
एक चर्च उभं आहे.
रस्त्यावरून दिसू नये असंच उभं.

जेवणाचा डबा उघडायला बाक हवा होता,
म्हणून पहिल्यांदा आत गेलो.
देवाचं आणि माझं तसं काही नव्हतं.
डबा उघडलाच नाही.

भिंती हातभर जाड.
रहदारी आत येते
ती टोपी काढून हातात धरल्यासारखी.
मेणाचा वास. धुराने काळवंडलेले संत,
डोळे तेवढे कुणी ओल्या फडक्याने पुसून ठेवलेले.

मेणबत्त्या विकणाऱ्या झाम्फिराबाई
माझ्या बाह्यांवरचं ग्रीस बघत होत्या.
"तू रुळांवरचा माणूस. तुला सांगते.
हे इथलं नव्हे."

सुटे पैसे मोजता मोजता सांगितलं.
वर होतं, टेकाडावर.
भोवती मठाच्या खोल्या, अक्रोडाची झाडं.
मग हुकूम आला.
खोल्या पाडल्या. अक्रोड तोडले. साधू कुठे कुठे गेले.
चर्चखाली खणून काँक्रीटचं तबक ओतलं,
तबकाखाली चाकं, चाकांखाली रूळ,
आणि ढकललं.

"मी सातवीत. आमच्या खिडकीसमोरच.
दिवसभर डोळे ताणले, काही हलेना.
मग सेव्हेरने, माझ्या थोरल्याने,
काचेवर साबणाने उभी रेघ ओढली.
सकाळी क्रूस रेघेच्या डावीकडे,
रात्री जेवायला बसलो तेव्हा उजवीकडे."

आणि तुमचं घर?

"घराला कोण चाकं लावतंय!
पाडायला आले तेव्हा रेघ तशीच होती.
काच पुसायची राहिली म्हणून
आई त्या लोकांसमोर शरमली, बघ."

दाराबाहेर पत्र्याचे दोन कप्पे, वाळू भरलेले.
एकावर लिहिलंय जिवंत, एकावर निजलेले.
लोक येतात, सरळ आपापल्या कप्प्याकडे जातात.
एक मुलगी चुकली, जीभ चावली,
पेटती मेणबत्ती उपटून दुसरीकडे रोवली,
इकडेतिकडे बघत, कुणाला कळलं तर नाही ना.

सेव्हेर पुढच्या उन्हाळ्यात डॅन्यूबवर गेला,
पोहायला म्हणून.
पलीकडे पोचला, असं कुणी कळवलं नाही.
नाही पोचला, असंही नाही.

झाम्फिराबाई गल्ला बंद केला की
एक मेणबत्ती घेऊन बाहेर येतात
आणि दोन कप्प्यांमधल्या काठावर चिकटवतात.
काठ बोटभर रुंद.
मेण दोन्हीकडे ओघळतं.
इतक्या वर्षांत तिथे टेंगूळ झालंय,
पाद्री ते खरवडू देत नाहीत.

मीही एक विकत घेतली.
बापासाठी. सहा वर्षं आमचं बोलणं नाही.
जिवंतांच्या वाळूत रोवताना हात अडला,
खिशातल्या फोनकडे गेला,
परत आला. रोवली.

तेवढ्यात फोनच वाजला.
तिसऱ्या दाराची लिफ्ट, सहाव्या-सातव्याच्या मध्ये अडकलेली,
आत एक म्हातारी आणि तिचं मांजर.

छपराखालच्या यंत्राच्या खोलीत
मी हाताने चाक फिरवत होतो,
बोट बोट, ब्रेक धरून.
खालून, अंधाऱ्या पोकळीतून, आवाज आला,
"अरे, हलतेय का?"

"हलतेय," मी ओरडलो. "आतून कळायचं नाही."

"मग मला कसं कळणार?"

जवळ साबण आहे का,
असं अगदी ओठांवर आलं होतं.
मांजर ओरडलं.
मी चाक आणखी थोडं फिरवलं.