नमुना क्रमांक २१४

एकोणीस वर्षं मी नळ्यांवर नंबर घालते.
लाल बुचाची, जांभळ्या बुचाची,
नाव, वय, उपाशी की जेवून.
आज पहाटे मिरजेच्या कृष्णाघाटावर
एका कॉलेजच्या पोरीनं मार्कर उघडला
आणि माझ्या दंडावर लिहिलं २१४.
"काकू, वय?"
सत्तेचाळीस.
उपाशी. एक केळं धरलं तर जेवून.

नदी दिवाळीनंतरची, हिरवट, वरून निजलेली.
माइकवर सांगितलं, दोन होड्या आहेत,
मगर दिसली तर शिट्टी वाजेल,
घाबरू नका.
हे मी रोज तीस वेळा म्हणते,
सुई पाठीमागे धरून.

पहिल्या शंभर हातांत
कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर,
नाकात नदी,
आणि शिकलेलं सगळं वाहत निघालं वाडीच्या दिशेनं.
दोन उन्हाळे मौलासाहेब शिकलगारांनी
याच पायऱ्यांवरून मला पाण्यात उतरवलं.
सतारीचे भोपळे पोखरणारा माणूस.
म्हणायचे, भोपळा तरंगतो कारण आत काही नसतं,
तुम्ही बाई फार भरलेल्या.
मग टाकत गेले एकेक:
संपत आलेला गॅस,
सुजाताचं राहिलेलं बाळंतपणाचं पातळ,
नवऱ्याचं "पदकाचं काय वरण करणारेस?"
पिवळ्या फुग्याला तिसरा वळसा घालताना
हलकी झाले.
किंवा दमले. पाण्यात फरक कळत नाही.

सायकल भाच्याची, एक माप मोठी.
मोज्यात घाटाची वाळू.
भोसे मागे पडलं, दंडोबाचा चढ पुढ्यात,
दोन्ही अंगाला छाटलेल्या द्राक्षबागा
आणि औषधाच्या फवाऱ्याचा कडवट वास.
बांधावरून एक बाई ओरडली,
"अगं, म्होरली लई लांब गेली की!"
जाऊ दे, म्हटलं. मनातच,
तोंडात तेवढी हवा नव्हती.
उताराला चेन पडली.
उघड्या हातांनी बसवली, बोटं काळी.
हातमोज्यांशिवाय कशाला हात लावायचा नाही
असा आमच्या लॅबमध्ये बोर्ड आहे,
अक्षर माझंच.

उतरले तरी पाय पेडलच मारत होते,
सरळ रस्ता त्यांना गोल वाटत होता.
दहा किलोमीटर.
सवयीनं मनगटावर बोटं ठेवली:
एकशे अठ्ठ्याहत्तर.
आकडा दुसऱ्याचा असता
तर मी डॉक्टरांना हाक मारली असती.
रसवाल्याच्या घुंगरांशी पावलं जुळवली,
पुढे तोही संपला,
मग नुसतं ऊन,
आणि एक कुत्रं, जे थोडं बरोबर आलं
आणि मला सोडून पुढे निघून गेलं.

मुदत चार तासांची.
मी चार तास सहा मिनिटं.
कमानीतली हवा काढलेली,
ती रस्त्यावर आडवी, धापा टाकत.
टायमिंगची चटई गुंडाळणारा पोरगा
माझ्याकडे बघून थांबला,
आणि परत उलगडली त्यानं.
मशीन बंद होतं. तरी उलगडली.
मी तिच्यावरून गेले.
मौलासाहेबांनी तोंडानंच "पीप" केलं,
तेही सुरात.

सोमवारी सात वाजता
बेडगचे एक आजोबा, शीर खोल, कातडी सैल.
बाहीखालून २१४ डोकावतोय,
दोनदा घासून राहिलेला.
"बाई, तुमचीबी तपासणी हाय काय?"
झाली काल, म्हटलं.
"काय निघालं?"
मूठ आवळा, आजोबा.
त्यांनी आवळली.
टेबलाखाली माझी पोटरीही
आपोआप आवळली,
आणि शीर सापडली.