सातवा ट्रान्झिस्टर

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
माझी नोकरी त्याच अंधारात आहे,
शिनचूच्या एका कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
केसाहून बारीक दिव्यांच्या पायाशी.

दिवे पिकवणारे वेगळे.
उचलून जागेवर बसवणारे वेगळे.
मी फक्त प्रत्येकाच्या तोंडी त्याचा घास देते.
कमी पडला तर मिणमिणतो,
जास्त झाला तर हिरवा निळ्याकडे झुकतो,
आणि गाडीच्या चाकामागे बसलेलं गिऱ्हाईक म्हणतं,
रंग बिघडला.

म्हणून घास बदलत नाही आम्ही, वेळ बदलतो.
प्रवाह पुरा, पण निमिषभर.
डोळा फसतो
आणि त्याला तिन्हीसांज म्हणतो.

इथवर सगळं पुस्तकात आहे.

पुस्तकात नव्हता तो दोनशे बारावा स्तंभ.
काळ्याच्या लगेच वरचा करडा लावायचा,
पॅनेल भट्टीत ठेवायचं, पासष्ट अंशांवर,
की दोन तासांनी तो उमटायचाच,
भिंतीत ओल उतरावी तसा.

ट्रान्झिस्टरलाही उंबरठा असतो.
तेवढा दाब चढला की दार उघडतं.
दर घरचा उंबरठा निराळा, वर रोजची ये-जा,
झिजणारच.
माझं सहा ट्रान्झिस्टरांचं सर्किट म्हणून आधी विचारतं,
बाबा रे, तुझा आज किती?
उत्तर कपॅसिटरच्या ओंजळीत धरतं
आणि तेवढं जास्तीचं देतं.
विचारण्यातच काहीतरी चुकतंय, असं धरून
मी आठ दिवस विचारणं तपासलं.

रविवारी शिनपूला गेले.
नवव्या महिन्याचा वारा सुटला होता,
अंगणभर सुपांतून सोललेली पर्सिमन.
आई एकेक फळ उचलते, अंगठ्याने आधी चाचपते,
मगच दाबते, कुणाला हलकं, कुणाला जोरात.
शेवटी सगळी सारखी चपटी.
इथेच मला उलगडलं, असं लिहिता आलं असतं.
नाही उलगडलं. मी चार फळं खाल्ली,
आई म्हणाली, आ-यिंग, तुझे डोळे लाल झालेत,
आणि परतीच्या बसमध्ये मी झोपले.

बुधवारी रात्री दोन वाजता
वेन-श्वोने प्रोबची सुई टेकवली ती कपॅसिटरवर,
मला न विचारता.
पडद्यावरची रेघ सरळ हवी होती.
ती उतरत होती,
कंटाळलेल्या माणसाच्या खांद्यासारखी.

उत्तर बरोबरच होतं.
चौकट संपेपर्यंत टिकत नव्हतं.
दार लावलेलं, पण उष्णतेने फट पडलेली,
आणि त्या पट्ट्यातली दारं जरा जास्तच सैल.
आठ दिवस मी प्रश्नाला छळलं;
गळत होती ती आठवण.

दाराला दुसरं दार, मी म्हणाले.
सातवा ट्रान्झिस्टर.
च्यू साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला:
जागा कुठाय? सहातच बसव.
जागा खरंच नव्हती.
सहा जण झोपलेल्या चटईवर
सातव्याला कूस कशी द्यायची,
ते मी नि वेन-श्वोने तेवीस रात्री मांडलं,
एक तार वळवली, एक खालच्या थरात नेली,
मधल्या एका रात्री भांडलो,
दोन दिवस चहा वेगवेगळा प्यायलो.

नवं पॅनेल मार्चमध्ये आलं.
भट्टी, पासष्ट अंश, दोन तास,
मग मी म्हटलं, अजून सहा.
खोलीतले दिवे मालवले.
सगळीकडे तोच करडा,
या कडेपासून त्या कडेपर्यंत बघण्यासारखं काही नाही.

च्यू साहेब वाकून पाहत राहिले.
मग विचारलं,
हे चालू आहे ना?

मी तळहात पडद्याजवळ नेला.
रेषा दिसत होत्या, अगदी पुसट,
आणि नखाखाली कुठल्याशा रविवारचा
वाळलेला केशरी गर,
जो मार्चमध्ये तिथे असायचं काही कारण नव्हतं.
आईने पुन्हा डबा पाठवला होता, एवढंच.