दहा सेकंद

सुपीरियर सरोवरात खोली
आम्ही वावांत मोजत नव्हतो,
सेकंदांत मोजायचो.
बोटीमागे कोसभर केबल, तिच्यात कानांची माळ,
आणि दर वीस सेकंदांनी
दाबलेल्या हवेचा एक ठोसा पाण्याला.
मग गप्प.
मग तळातून येईल ते ऐकायचं.

चिखलाचा आवाज आधी येतो, उतावळा.
मग वाळूचा खडक.
मग थरावर थर काळा कातळ, थिजलेला लाव्हा,
चौथ्या सेकंदाला, सहाव्या, आठव्या,
आणि दहाव्याला, अगदी क्षीण,
दार उघडायला उठलेल्या म्हाताऱ्यासारखा
खंडाचा बुडखा.

"अब्जाहून जास्त वर्षं झाली, खंड इथे फाटत होता,"
धक्क्यावर मी उर्होला सांगितलं.
तो हेरिंग साफ करत होता.
"अजून फाटता तर समुद्रच झाला असता.
मध्येच थांबला.
आम्ही त्याला फसलेली भेग म्हणतो."

त्याने खवले पँटला पुसले.
"फसली कुणाच्या हिशेबाने?
माझं घर हिच्यावर उभं आहे.
आयलीची कबर खणायला
ह्याच कातळाने दोन दिवस घेतले.
आणि तुमच्या ठोशांनी तीन दिवस मासा नाही,
तेवढं लिहून घ्या."

लिहून घेतलं. नोंदवहीत आहे:
शॉट ४११७, वारा वायव्य, तक्रार एक, कोळी.

चौतीस वर्षांनी टेप पुन्हा काढल्या.
चिकट झालेल्या; आधी ओव्हनमध्ये
मंद शेकून घ्याव्या लागतात,
तेव्हा कुठे बोलतात.
ऐकायला आता रेनेल आहे, ग्रँड पोर्टेजची, ओजिब्वे.
तिच्या कागदांवर वजन म्हणून एक अकीक:
त्याच लाव्हातला बुडबुडा,
पुढे सवडीने रंगांनी भरलेला.

"इथे काहीतरी मध्येच येतंय," ती म्हणाली.
पडद्यावर कातळाच्या रेघांना छेदत
तिरपी, बारीक, हट्टी
टक टक टक टक.
भूगर्भ असं बोलत नाही.
एक सिलिंडर, जुनं इंजिन.
चौथ्या दिवशी, आम्हाला न विचारता,
तो जाळी टाकायला निघाला होता.

"गाळून टाकू?"
टाकायलाच हवं; त्याच्याखाली
आठव्या सेकंदाचा थर झाकला जातोय.
"गाळ," मी म्हणालो, "पण फेकू नकोस.
वेगळं ठेव."

थर स्वच्छ दिसू लागला.
रेनेलने उरलेला आवाज बाजूला काढला
आणि फाइलवर घालायला
त्याचं पूर्ण नाव विचारलं.
आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं.