अनपेक्षित

सेन्योर जेर्मानो किंताशनं दिलेला अंदाज तीन पानांचा होता.
पाडकाम, नळ, वायरिंग, गिलावा, टाइल्स,
आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात:
अनपेक्षित – पंधरा टक्के.

मी चष्मा कपाळावर सरकवला.
जे अजून घडलंच नाही, त्याचे पैसे कसले?
तो म्हणाला, बाई, घर जुनं आहे.
म्हटलं, मीही.
बेल्मिरो, माझा भाऊ, हसला आणि लगेच खोकला.

एकतीस वर्षं पोर्तोच्या कस्टम्समध्ये
मी दुसऱ्यांच्या पेट्यांच्या याद्या केल्या,
एका स्वयंपाकघराची यादी मला जमू नये?
चौकटींची वही आणली. रकाने आखले.
सोमवारी प्लंबर, गुरुवारी वायरमन,
पुढच्या सोमवारी गिलावा.

झेफेरिनोच्या लेकीचं बाळंतपण नेमक्या त्याच सोमवारी निघालं
आणि वायरमन त्याच्यासाठी खोळंबला.
आदेरितो मात्र आठवडाभर आधीच दारात,
थापी हातात, हात शिवशिवत असलेले.
उघडी भिंत मलाही बघवेना. म्हटलं, लाव.
काय गिलावा तो! लोण्यावरून सुरी फिरवावी तसा.
मग दहा दिवसांनी रूबेन आला, वायरची भेंडोळी खांद्यावर,
भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि काही न बोलता कटर सुरू केला.

धूळ मिठात. धूळ अभ्र्यात.
धूळ वाश्कूच्या फोटोवर – तो असता तर
जिन्यात बसून पेपर वाचला असता
आणि ‘मी सांगत होतो’ हे वाक्य गिळून टाकलं असतं.

सांजावच्या आठवड्यात तर सगळं शहर
प्लास्टिकच्या हातोड्या घेऊन रस्त्यावर,
येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यात टुणटुण;
खरा हातोडा कुणाच्याच हाती नाही.
मी फोन करत राहिले.
‘आलोच’ म्हणजे अजून अंथरुणात,
‘उद्या’ म्हणजे गुरुवार,
आणि ‘बघतो’ म्हणजे दुसरा माणूस शोधा.

घर पाहावं बांधून म्हणतात;
मी तर नुसतं खरवडून पाहिलं.
सिंकखालची तुळई चमच्यानं निघत होती, पुडिंगसारखी.
त्या रात्री तीन वाजता मी भोकाशेजारी
स्टुलावर बसून होते, टॉर्च विझवून.
खाली कुणाचं तरी मांजर होतं. ते वर बघत होतं.
विचारणार कुणाला?
वहीत त्याचा रकाना नव्हता.

टाइल्स अकरा कमी पडल्या.
नवी खेप आली ती जरा पाणी घातल्यासारखी निळी.
लावल्या तशाच, खिडकीखाली.

सप्टेंबरात हिशोब मांडला.
तुळई, दुसऱ्यांदा गिलावा, अकरा टाइल्स,
चुकून मागवलेला उजव्या हाताचा दरवाजा,
आठवडाभर बेल्मिरोकडे राहिले त्याची वाइन.
बेरीज दोनदा केली.
साडेसोळा टक्के.
किंताश दीड टक्क्यानं स्वस्त होता.
(त्याचा नफा वाचला, तो वेगळा. त्यात छप्पर होईल,
असं मी बेल्मिरोला सांगते.)

बेकरीत भेटला तेव्हा हे त्याला सांगून टाकलं.
तो ब्रेडच्या रांगेत उभा, डोळ्यांखाली काळं,
खिशात फोन थरथरतोय, बघत नाहीये.
म्हणाला, तीन वाजता उठायचे पैसे घेतो मी.
गिलावा काय, कुणीही लावतं.

परवा बेल्मिरो खिळा घेऊन आला,
मला विचारलंही नाही, आईचा फोटो लावायला निघाला.
मी स्वयंपाकघरातून, पाठमोरी, कांदा चिरता चिरता म्हटलं,
तिथे नको. वायर आहे.
चार बोटं डावीकडे घे.

आणि थोडं वर.