भिंतीकडे तोंड करून

ला दोरादाहून पहाटेची बस.
मांडीवर टेबलफॅन, जुन्या चादरीत गुंडाळलेला,
पाती काढून बॅगेत, शर्टांच्या घडीत.
मोटर मी स्वतः भरलीय, सगळी तांब्याची तार.
सव्वीस वर्षं मी पंखे दुरुस्त करतो
नदीकाठच्या आमच्या गावात, जिथे मध्यरात्रीही
भिंतीला पाठ टेकवत नाही.
पंखा बंद पडला की लोक
डॉक्टरच्या आधी मला उठवतात.

मारिकीता गेलं, फ्रेस्नो गेलं,
मग नुसतं धुकं आणि ड्रायव्हरचा खोकला.
लेत्रासच्या घाटमाथ्यावर माझे दात वाजायला लागले.
शेजारच्या बाईने न विचारता
घोंगडीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं,
म्हणजे पंख्यावरही.
कुठे नेताय?
मानिसालेसला. मुलगी विद्यापीठात आहे.
ती काही बोलली नाही.
खिडकीकडे तोंड करून हसली मात्र.

यूरानी स्टँडवर आली ती स्वेटर घालून.
माझी पोर. स्वेटरमध्ये.

गल्ल्या कसल्या, जिनेच ते.
ती बोलत बोलत चढते,
मी दर खांबापाशी थांबून
देखावा बघितल्यासारखं करतो.
डोक्यावरून पाळणे जातात, त्यात माणसं,
कामाला निघालेली, पेंगणारी.
झेरॉक्सच्या दुकानापुढे पोरांची रांग,
बाकावर एकजण डोळे मिटून
हाडांची नावं पाठ करतोय.
आणि हवा अशी
की अंगाला कळूच नये, हवा आहे.
ना घाम, ना काटा.

सवयीने मी छतं बघत होतो.
बारा दुकानं, एक बँक, एक चर्च.
पंखा सोडा, हूकसुद्धा नाही.
इथे जन्मलो असतो तर
उपाशी मेलो असतो.

घरमालकीण दोन्या नूबिया
गुळाचं कढत पाणी घेऊन आल्या, त्यात चीजचा तुकडा.
चादर सुटलेली, पंखा टेबलावर,
खोलीत कोणी बोलेना.
बरं झालं आणलात, त्या म्हणाल्या, अगदी गंभीरपणे,
इथे मोजे काही केल्या वाळत नाहीत.

खिडकीच्या चौकटीवर करडी धूळ होती.
यूरानीने बोट फिरवलं, मला दाखवलं.
डोंगराची राख, पपा. टाकतो अधूनमधून.
घरातलं म्हातारं माणूस घोरतं
असं सांगावं तसं सांगितलं.
मग ती त्याच्याबद्दल बोलत राहिली,
थर, वायू, लाखो वर्षं.
मला त्यातलं एवढंच कळलं
की बोलताना तिचे हात
माझ्यासारखे हलतात,
स्क्रू फिरवल्यासारखे.

रात्री ती खाटेवर, मी खाली गादीवर.
दोन ब्लँकेटं. काळोख.
आणि शांतता, इतकी
की कान शोधत राहिले.
आयुष्यात एकही रात्र मी
घरघरीशिवाय झोपलेलो नाही.
लग्नाची नाही, तिच्या जन्माची नाही.
तिची आई गेली, त्या रात्रीही
पंखा चालू होता, कोणी बंद केला नव्हता.

शेवटी उठलो. चाचपडत पाती बसवली,
जाळी लावली,
पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला,
वारा तिला लागू नये.
एक नंबर.
थोडा वेळ गेला.
वाटलं, झोप मोडली असेल तिची. बटणाकडे हात नेला.

राहू दे, काळोखातून आवाज आला.

मग बराच वेळाने,
मला झोप लागत होती तेव्हा:
पहिला महिनाभर मी
फोनमध्ये घेऊन आले होते तो आवाज.
आपल्या हॉलमधल्याचा. तो टकटक करतो ना.

तो टकटक करतो
कारण त्याचं बुश मी अजून बदललेलं नाही.
दर रविवारी म्हणतो, बदलू.

सकाळी जाळीवर तिचे मोजे होते.
एक वाळलेला, एक अजून ओला.