एक वीत वर

तुलारेजवळच्या या सपाट रानात
पांढऱ्या प्लास्टिकची एकशे चाळीस खोपटी,
एकेका खोपट्यात एकेक कालवड,
आणि त्या सगळ्यांची बादलीवाली मी.

जुलैत माझा दिवस रात्री दोनला सुरू होतो.
दूध तेव्हाच पाजायचं,
हवा जरा माणसात असते तेव्हा.
उजाडल्यावर पाणी. मग पुन्हा पाणी.
बादलीत हात घालून बघायचा:
आपल्याला प्यावंसं वाटत नाही ते तिलाही वाटत नाही.
साधं आहे. पण घाईत
साधंच आधी सुटतं.

कुशीवर नजर ठेवून मी श्वास मोजते.
चाळीसपर्यंत ठीक.
साठला मी टोपी काढते, का ते माहीत नाही.
काल चार हजार चारशे सतराची कूस
मिनिटात शंभरदा हलली.
मान लांब, जीभ बाहेर,
डोळे माझ्याकडे, पण माझ्याही पलीकडे कुठेतरी.
मीठ-साखरेचं पाणी
बोट चोखवत चोखवत पाजलं.
बोटाला चटका बसावा असं तोंड.

मालक आवेलिनो बोर्जेस, धुक्याच्या बेटावरचा माणूस.
तेर्सेइराला म्हणे गाई ढगात चरतात.
त्याला म्हटलं, खोपट्यांची मागची बाजू उचलू या,
वारा आरपार जाईल. वर जाळीचं कापड ताणू या.
तो म्हणाला, पांढरं प्लास्टिक आहे, फिलोमेना,
ऊन परतवतं. कागदावर लिहिलंय.

मी वाद घातला नाही.
फक्त म्हटलं, एक रिकामं आहे. एकशे बाविसावं.
ते का रिकामं, हे त्यालाही ठाऊक होतं.

तीन वाजता, पारा एकशे आठवर,
सत्तरीचा तो माणूस गुडघ्यांवर आला,
टोपी सांभाळत आत शिरला.
बूट तेवढे बाहेर राहिले.

मी मोजत होते. दुसरं काय करणार.
माश्या बुटांवर बसल्या, उठल्या.
आतून एकदा खोकला.
मग काही नाही.
चौथ्या मिनिटाला हाक मारणार, इतक्यात
तो उलटा सरपटत बाहेर आला,
शर्ट पाठीला चिकटलेला,
आणि माझ्या बादलीतलं, वासरांचंच पाणी
ओंजळीने प्यायला.

बोलला काही नाही. ट्रक चालू केला.
संध्याकाळी सिमेंटचे ठोकळे आले.
त्याची नात ओतीलिया खोपटं उचलायची,
मी ठोकळा सरकवायचे,
तो नुसता म्हणायचा, अजून, अजून,
एक वीत तरी.
खालचा भुसा काढून वाळू घातली.
जाळीचं कापड निम्म्या ओळीलाच पुरलं.
उरलेल्या निम्मीकडे कुणी बघितलं नाही.

रात्री दोनला गेले तेव्हा
खोपट्यांच्या मागून वारा शिरत होता,
थोडासाच, वितीएवढा.
चार हजार चारशे सतरा उभी होती.
बोट पुढे केलं,
तर तिने ढुशी मारली:
बोट काय देतेस,
बादली कुठेय?